घोड्यावरचे दोस्त

गेल्या अंकात याच पानावर मी मुलांच्या मोबाईलबद्दल चार कडक शब्द लिहिले होते. त्यावर कोकणातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं. मोजून दोन ओळी. मॅडम, मुलांचं समजलं. तुम्ही स्वतः रात्री काय बघता तेही एकदा लिहा.

पत्र वाचून घरातले सगळे हसले, कारण उत्तर सगळ्यांना माहीत आहे. मी काऊबॉय बघते. इशाची नमाज झाली, उद्याच्या वह्या तपासून झाल्या की डोक्यावरची ओढणी तशीच ठेवून, तसबीह उशीखाली सरकवून मी अमेरिकेतल्या साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या टीव्ही मालिका लावते. धूळ, घोडे, लाकडी फळ्यांचं एक गाव, एक मार्शल, एक म्हातारा डॉक्टर, आणि अर्ध्या-पाऊण तासात न्याय. दर भागात दारूचा गुत्ता आहे, जुगाराचं टेबल आहे, बंदुका तर आहेतच. त्यामुळे लहान मुलांना मांडीवर घेऊन बघायची ही चीज नव्हे, हे आधीच सांगून टाकते. पुढच्या महिन्यात दुसरं पत्र नको.

ही खोड मला अब्बांकडून लागली. तरुणपणी अब्बा आणि शेजारचे काका एकाच कारखान्यात एकाच पाळीला होते. सुदुंबऱ्याहून देहूरोडपर्यंत सायकल, तिथून लोकल. पगार झाला की पुण्यात 'अलका'ला इंग्रजी सिनेमा. दोघांना इंग्रजी शून्य. 'मॅकेनाज गोल्ड' त्यांनी तीनदा पाहिला. अब्बांना त्यातला उमर शरीफ मिसरचा म्हणून आपला वाटायचा, काकांचा जीव घोड्यांत. काका माळकरी. आषाढीची वारी कधी चुकवली नाही. येताना लोकलमध्ये दोघं मिळून गोष्ट जुळवत यायचे, आणि काका म्हणतात की घरी पोहोचेपर्यंत ती मूळ गोष्टीपेक्षा चांगली झालेली असायची.

टीव्हीवरच्या या मालिका मात्र आमच्या घरात फार उशिरा आल्या. २०२० च्या टाळेबंदीत. भावाने नवा टीव्ही आणला होता, त्यात यूट्यूब होतं. बाहेर जायची सोय नाही, एकमेकांच्या घरात जायची तर त्याहून नाही. आमच्या आणि काकांच्या घरात भिंत एकच, ओटाही एकच. मग टीव्ही खिडकीकडे तोंड करून ठेवला. अब्बा आत पलंगावर, काका बाहेर ओट्यावर तोंडाला उपरणं बांधून, आणि मी मध्ये दुभाषी. अब्बांना दख्खनीत सांगायचं, काकांना मराठीत. दोघांना एकच वाक्य दोनदा ऐकायला मिळे आणि दोघं दोन वेगळे अर्थ काढत.

पहिली मालिका लागली 'द लोन रेंजर'. १९३३ मध्ये डेट्रॉइटच्या रेडिओवर सुरू झालेली ही गोष्ट १९४९ मध्ये टीव्हीवर आली आणि १९५७ पर्यंत चालली. सहा रेंजर दगाबाजीने घेरले जातात, पाच जागीच मरतात. सहावा जखमी असतो. त्याला टोंटो नावाचा एक रेड इंडियन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एक, उचलून नेतो आणि बरा करतो. मेलेल्यांना तो मूठमाती देतो आणि कबरी मात्र सहा खोदतो, म्हणजे शत्रूला वाटावं कुणीच उरलं नाही. मग उरलेला एक जण तोंडावर मुखवटा चढवतो आणि हे दोघं घोड्यावरून मुलूख पालथा घालतात. टोंटो त्याला हाक मारतो 'कीमो साबे', म्हणजे भरवशाचा सोबती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काका ओट्यावरून ओरडले, "अरे, हा पण साहेबच म्हणतोय की!"

आम्ही हसलो, पण त्यात एक काटा होता. टोंटो खरोखर दोस्त की चाकर? जीव तोच वाचवतो, हेरगिरी तोच करतो, मार तोच खातो. आणि बोलायला त्याला तुटकी, व्याकरण मोडलेली इंग्रजी दिलेली. ही भूमिका करणारा जे सिल्व्हरहील्स कॅनडातल्या ओंटारिओचा, मोहॉक जमातीचा, लॅक्रॉस या खेळातला नामांकित खेळाडू. प्रत्यक्षात अस्खलित इंग्रजी बोलणारा माणूस. पुढे त्याने आपल्या लोकांना अभिनय शिकवायला कार्यशाळा काढली. १९७९ मध्ये हॉलिवूडच्या पदपथावर त्याच्या नावाचा तारा बसला, आणि पुढच्याच वर्षी तो गेला.

ज्याची घरची भाषा वेगळी त्याला मोडकं बोलायला लावायचं आणि मग त्याला भोळा ठरवायचं, ही युक्ती मी माझ्या वर्गात दर जूनमध्ये बघते. दख्खनी बोलणारं पोर पहिलीत येतं, मराठीत लिंग चुकवतं, वर्ग हसतो, पोर गप्प होतं. ते गणितात सगळ्यांच्या पुढे आहे हे कळायला दिवाळी उजाडते. सिनेमातला मुसलमान तर विचारूच नका. पिढ्यान्‌पिढ्या मावळात राहणारा, भातशेती करणारा, मराठीत भांडणारा मुसलमान मी पडद्यावर अजून शोधते आहे.

मुखवटेवाल्या क्लेटन मूरची गोष्ट याहून निराळी. मालिका संपली तरी तो गावोगाव त्याच वेशात जायचा, मुलांना भेटायचा. १९७९ मध्ये हक्कदार कंपनीने कोर्टातून मनाई आणली की मुखवटा घालायचा नाही. तर हा मोठा काळा चष्मा घालून जाऊ लागला. १९८४ मध्ये बंदी उठली. अब्बांना ही हकिगत मालिकेपेक्षा जास्त आवडली. एवढ्या वयात मुखवट्यासाठी कोर्टात जाणारा माणूस त्यांना आपल्या भाऊबंदांची आठवण करून द्यायचा. आमच्याकडे बांधासाठी जातात.

पण आमच्या ओट्याची खरी लाडकी मालिका 'गनस्मोक'. १९५५ ते १९७५, वीस वर्षं, ६३५ भाग. कॅन्सस राज्यातलं डॉज सिटी गाव. मार्शल मॅट डिलन म्हणजे जेम्स आर्नेस, साडेसहा फुटांचा गडी, दुसऱ्या महायुद्धात इटलीत पायाला गोळी लागलेला. डॉक ॲडम्स म्हणजे मिलबर्न स्टोन. गुत्ता चालवणारी मिस किटी. आधीच्या वर्षांत लंगडत चालणारा चेस्टर, आणि नंतर आलेला फेस्टस. मारामाऱ्या आम्ही पुढे ढकलायचो. बघायचो ते डॉक आणि फेस्टसचं भांडण.

फेस्टस निरक्षर आहे. दाढी वाढलेली, कपडे मळके, बोलणं डोंगरातलं. डॉक शिकलेला आणि तिरसट. दोघं समोर आले की सुरू. तुला काय कळतं, तुझं औषध खेचराला दे, मागच्या वेळचे पैसे कोण देणार. वीस मिनिटं एकमेकांची सालपटं काढतात आणि मग डॉकवर संकट आलं की फेस्टस रात्रभर जागा. १९७१ मध्ये मिलबर्न स्टोनची हृदयाची शस्त्रक्रिया झाली, म्हणून काही भागांत दुसराच डॉक्टर दिसतो. ते भाग अब्बांनी बघितलेच नाहीत. "डॉक आयेगा तब लगा," म्हणून पाठ फिरवून झोपले. काकांनी बाहेरून पाठिंबा दिला.

शिक्षिका म्हणून मला फेस्टसचं एक आवडतं. मालिकेने त्याला अंगठाछाप ठेवला, पण बावळट ठेवला नाही. माग काढणं, जनावराची नाडी ओळखणं, माणूस खोटं बोलतोय हे चेहऱ्यावरून ताडणं, यात तो डॉक्टरला भारी. माझी आजी अशी होती. कुराण शरीफ बोट ठेवून ऐकायची, दुधाचा हिशेब भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवायची, आणि तिला फसवलेला गवळी अजून जन्माला यायचा आहे.

आपल्याकडचा या जातीचा सिनेमा म्हणजे 'शोले', हे सांगायला नको. १५ ऑगस्ट १९७५ ला आला, मुंबईत 'मिनर्व्हा'ला पाच वर्षं चालला. बहुतेक चित्रीकरण बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत झालं, पण आगगाडीवरचा हल्ला आपल्याच मुंबई-पुणे लोहमार्गावर, पनवेलजवळ. त्यामुळे अब्बा आणि काका ती लढाई घाटाखालची, म्हणजे जवळजवळ गावातली समजायचे. जय आणि वीरू ही नावं सलीम खान यांनी आपल्या कॉलेजातल्या मित्रांवरून घेतली. जयचं नाणं आठवा. दोन्ही बाजू सारख्या. आयुष्यभर दोस्ताला फसवत आला, आणि फसवलं ते स्वतः मरायला पुढे होण्यासाठी. ती दोस्ती ज्या दोघांनी लिहिली ते सलीम आणि जावेद पुढे थोड्याच वर्षांत वेगळे झाले. लिहिणं सोपं असतं, असं मी नाही म्हणणार. त्यांनी जे लिहिलं ते पन्नास वर्षं टिकलं आहे.

आणि रहीमचाचा. ए. के. हंगल यांचा आंधळा इमाम. तरुण मुलाचं प्रेत घोड्यावर येतं, सारा गाव जय-वीरूंना घालवायला निघतो, आणि हा म्हातारा उलट गावालाच भित्रेपणाबद्दल टोचतो, मग काठी टेकत नमाजला जातो. आमच्या घरी या प्रसंगाला दर वेळी कुणीतरी डोळे पुसतं. मीही पुसते. मग मनात येतं, आम्ही पडद्यावर चांगले ठरावं यासाठी दर वेळी आमचं पोरगंच का द्यावं लागतं?

या सगळ्यांत बायांची दोस्ती कुठे आहे, हेही मी शोधत असते. नाही सापडत. मिस किटी वीस वर्षांतली एकोणीस वर्षं त्या गुत्त्यात उभी आहे, चार पुरुषांचं दुःख ऐकून घेते, पण तिची अशी एक मैत्रीण, जिच्याशी ती रोज बोलते, नाही. 'शोले'तली बसंती आणि राधा एकाच गावात राहतात आणि एकमेकींशी मनातलं म्हणून काही बोलत नाहीत.

माझी मैत्रीण म्हणजे काकांची मुलगी. बालवाडीपासून दहावीपर्यंत एक बाक. ईदला शीरखुर्म्याचा डबा तिच्याकडे, दिवाळीला तोच डबा चकल्या भरून आमच्याकडे. तिचं लग्न चाकणला झालं, माझं इथेच. टाळेबंदीतच, एप्रिल २०२० मध्ये, निजामुद्दीनच्या तबलीगी इज्तिमावरून देशभर जे चाललं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आमच्या दहावीच्या वर्गाचा व्हॉट्सॲप गट आहे. त्यात एके सकाळी एक चित्रफीत आली. फळवाला फळांना थुंकी लावतो, यांच्याकडून काही घेऊ नका. पाठवणारी ती. माझा चुलतभाऊ तेव्हा तळेगावात हातगाडीवर केळी विकत होता, आणि त्या आठवड्यात त्याची केळी काळी पडून चालली होती. मी तेवढंच लिहिलं. तिचं उत्तर आलं, अगं तुमच्याबद्दल नाही. बाकीच्या चौतीस जणी-जण गप्प. मी गटातून बाहेर पडले.

त्याच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं म्हटलं. तो निकाल त्या गटात कुणी टाकला की नाही मला माहीत नाही. मी त्यात नव्हते.

'तुमच्याबद्दल नाही' हे शब्द मी खूप दिवस चावत होते. टोंटोला सगळे हेच म्हणतात. रेड इंडियन वाईट, तू नाहीस. तो बिचारा मान डोलावतो आणि घोडं पुढे काढतो. मला तसं जमलं नाही. मजा अशी की त्याच दिवशी संध्याकाळी काका नेहमीप्रमाणे ओट्यावर येऊन बसले, आणि मी खिडकीत उभं राहून त्यांना फेस्टसचं बोलणं सांगत होते. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. अब्बांना मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "काकाला नको सांगू. आणि तू डबा पाठवणं बंद नको करू." पहिली गोष्ट मी पाळली. दुसरी नाही.

सुदुंबऱ्याच्या बाहेर आमचं गाव लोकांना दोन कारणांनी माहीत आहे. आता आपत्ती निवारण दलाची बटालियन आहे म्हणून, आणि पूर्वापार संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे म्हणून. संताजी तेली, घाणा चालवणारे. तुकाराम महाराजांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक आणि त्यांचे अभंग लिहून ठेवणारे. संताजींच्या वह्यांवरूनच वि. ल. भावे यांनी गाथा छापली. गावात लहान पोरालाही माहीत असलेली आख्यायिका अशी की दोघांचा एकमेकांना शब्द होता, मागे राहील त्याने पुढे जाणाऱ्याला मूठमाती द्यायची. तुकाराम महाराज आधी गेले. पुढे संताजी गेले तेव्हा लोक माती लोटत राहिले, पण चेहरा काही झाकेना. शेवटी तुकाराम महाराज आले, तीन मुठी माती टाकली आणि चेहरा झाकला गेला. आपला अकीदा वेगळा आहे, मी ही कथा गावची कथा म्हणून सांगते. पण लहानपणी ती मी काकांच्या तोंडून, त्याच ओट्यावर, मैत्रिणीच्या खांद्याला खांदा लावून ऐकली आहे.

गेल्या वर्षी रजबमध्ये अब्बांचा इंतकाल झाला. पहाटे, झोपेत. जनाजा जोहरनंतर उठला. आम्ही बाया घरी. संध्याकाळी भावाने सांगितलं ते असं. काका कबरस्तानाच्या फाटकात चपला काढून उभे होते. कुणीतरी म्हणालं, काका, सावलीत बसा. ते आले, कबरीजवळ रांगेत थांबले, नंबर आला तेव्हा वाकून एक मूठ माती टाकली, दुसरी टाकली, तिसरी टाकली आणि बाजूला झाले. त्यांना किती टाकायच्या हे कुणी सांगितलं नव्हतं. भावाला वाटलं आपलं बघून केलं. मला माहीत होतं ते कुठून आलं. आपण तिन्ही मुठींबरोबर सूरह ताहाची आयत म्हणतो. काका काय म्हणाले ते त्यांनाच ठाऊक.

मैत्रीण आली नाही. फोनही नाही.

इद्दतीचे दिवस अम्मी घरातच होती, माणसं येत-जात होती. चाळिसाव्यानंतर घर रिकामं झालं आणि एके संध्याकाळी काका ओट्यावर येऊन बसले. खिडकीतून आत बघून म्हणाले, "फेस्टस काय म्हणतोय?" मला काही सुचेना. हजरत खदीजा (रजि.) यांच्या पश्चात बकरी जिबह झाली की प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या मैत्रिणींकडे वाटा पाठवायचे, हे मी दर वर्षी मुलींना सांगते. वडिलांच्या माघारी त्यांच्या दोस्तांशी नातं राखणं ही केवढी मोठी नेकी आहे, हेही सांगते. आणि इथे वडिलांचा दोस्त दारात येऊन स्वतःच विचारत होता. मी टीव्ही खिडकीकडे वळवला.

तेव्हापासून दर गुरुवारी बसतो. 'गनस्मोक'चे मिळाले तेवढे भाग संपवून आता 'बोनान्झा' चालू आहे. १९५९ ते १९७३, नेवाडातल्या एका मोठ्या कुरणाच्या मालकाची गोष्ट. बाप बेन कार्टराईट, तीन मुलगे, तिघांच्या आया वेगळ्या आणि तिघीही वारलेल्या. बाप घरी असूनही घरात एक बाई टिकू नये हे मला खटकतं, पण भावाभावांत सावत्रपणाचा वास नाही हे खरं. मधला हॉस म्हणजे डोंगराएवढा, भोळा, जनावरांवर जीव टाकणारा. तो साकारणारा डॅन ब्लॉकर आधी शाळामास्तर होता, हे कळल्यापासून मी त्याच्या बाजूची. धाकटा लिटल जो म्हणजे मायकल लँडन. दोघांची रोज जुंपते.

मे १९७२ मध्ये ब्लॉकर पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर अचानक गेला. वय त्रेचाळीस. लँडनने त्यापूर्वी हॉसच्या लग्नाचा एक भाग लिहायला घेतला होता. तोच त्याने बदलून धाकट्या भावाच्या लग्नाचा केला, स्वतः दिग्दर्शित केला, आणि पुढच्या मोसमाची सुरुवात त्यानेच झाली. हॉसच्या जागी दुसरा नट आणला नाही. काही महिन्यांत मालिकाच बंद पडली.

मागच्या गुरुवारी आम्ही तो भाग लावला. काकांना मी आधी काही सांगितलं नाही. पंधरा मिनिटं झाली तसे ते म्हणाले, "तो जाड्या कुठं गेला?" मी सांगितलं, वारला. खरोखरचा. "आणि हे त्याच्याशिवायच करतायत?" हो. काका टोपी काढून डोकं खाजवत बसले. मग म्हणाले, "जेवायच्या टेबलावर त्याची खुर्ची हाय का बघ बरं." मी भाग थांबवून मागे नेला. आम्ही दोघं खुर्च्या मोजत होतो तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते कानाला लावून दोनदा "हां, हां" म्हणाले, मग फोन खिडकीच्या गजातून माझ्याकडे दिला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणती."

असं ती म्हणाली होती की नाही, मला अजून शंका आहे. कारण पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मीही काही बोलले नाही. मग ती म्हणाली, "बाबांनी रक्तदाबाची गोळी घेतली का, विचार जरा."

मी विचारलं. घेतली नव्हती.